अस्तराचा हात

डुलूथला, टायरवाल्याच्या मागच्या गाळ्यात,
आइनो लाहतीने पहिल्या दिवशी मला
एक वाया गेलेला शर्ट दाखवला.
काळ्या सुतावर थेट ओढलेला पिवळा.
पिवळा कसला, डबक्यातलं शेवाळ.
"काळं कापड तहानलेलं असतं," तो म्हणाला,
"आधी त्याला काहीतरी पाज,
मग रंगाचं बोल."

मग फळीवरचे डबे.
हा सुती पांढरा, लोण्यासारखा,
जाळीतून अलगद उतरतो,
पॉलिएस्टरपुढे मात्र अगदीच भोळा.
हा दुसरा चिवट,
थंडीत ढवळताना मनगट भरून येतं.
तिसरा पांढरा नाहीच;
तो शर्टाचा स्वतःचाच रंग खाऊन टाकतो.
त्यावर हात फिरवलास तर बोटांना छपाई लागत नाही,
पण भट्टीतून निघताना सडक्या अंड्यांचा वास,
म्हणून तो फक्त रविवारी,
टायरवाला डेल चर्चमध्ये असतो तेव्हा.

"आणि अस्तर वरच्या रंगाहून केसभर लहान काप.
कडेने डोकावलं की संपलं.
लोक म्हणाले पाहिजेत, काय पिवळा आहे!
पांढऱ्याचं नाव कुणी काढता कामा नये."

ऑक्टोबरात मार्लिस हॉगनची ऑर्डर आली.
खनिजाच्या धक्क्यावरच्या माणसांची बोलिंग टीम,
बहात्तर शर्ट, किरमिजी, पॉलिएस्टर,
पाठीवर पांढरी नावं, पोटावर पिवळे आकडे.
आइनो डॉक्टरकडे गेला होता.
मनगट दुखत होतं माझं.
मी पहिला डबा उघडला.

खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होते.
दुधासारखी अक्षरं, एकेक वेलांटी धारदार.
शुक्रवारी घड्या घातल्या, खोकी बांधली.
सोमवारी मार्लिसने खोकं काउंटरवर उपडं केलं.
सगळी नावं गुलाबी.
भट्टीच्या आचेने सुटलेला शर्टाचा रंग
खोक्यातल्या अंधारात, दोन रात्री,
कुणाला न विचारता वर चढत राहिला होता.
"आमचे पुरुष गुलाबी घालतील गं,"
मार्लिस म्हणाली,
"पण निदान आधी विचारायचंस."

आइनो ओरडला नाही.
राईच्या पावावर हेरिंग ठेवून
शेवटच्या घासापर्यंत जेवला.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
मग गुडघे कुरकुरवत वाकला
आणि सगळ्यात खालच्या फळीवरून
एक डबा काढला: चुलीतल्या राखेचा रंग.

"पांढऱ्याखाली हे?"
"वरून बघणाऱ्यासाठी पांढरा.
खालून येणाऱ्याला अडवायला हा."

नवे बहात्तर शर्ट, त्याच्या पैशांनी.
भट्टीची आच उतरवली.
राखाडी ओढ, सुकव, गार होऊ दे.
पांढरा ओढ, सुकव.
पिवळा.
बाहेर सरोवराच्या काठाला पहिला बर्फ धरत होता,
उशिरा निघालेल्या एका जहाजाने
भोंगा दिला, पुलाने त्याला उत्तर दिलं.
पहाटे तीनला माझं मनगट दुखायचं थांबलं,
म्हणजे ते मला जाणवेनासं झालं.
पंचावन्नावा शर्ट वाकडा गेला.
तो आइनोने ठेवून घेतला, घालतो अजून.

आता त्याचा हात थरथरतो,
स्क्वीजी माझ्याकडे असते.
गिऱ्हाईक रंगांचं पुस्तक उलटत बसतं,
हा पिवळा की तो, मोहरी की लिंबू,
आणि मी मध्येच विचारते, कापड कसलं?
त्यांना वाटतं मी विषय टाळते आहे.

परवा पेट्रोल पंपावर मार्लिसचा नवरा दिसला.
नऊ हिवाळ्यांचा तो किरमिजी शर्ट,
पोटावर ताणलेला सात.
पिवळ्याला भेगा गेलेल्या, भेगांत पांढरा,
आणि बेंबीच्या जरा वर, एकाच ठिकाणी,
नखाएवढी राख.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.
"आकडा," मी म्हटलं.